आबांची सकाळ

झुंबरबाई: ...पन कुलूप कोनी लावं?

प्रमिला: मी. किल्ली माझ्या कमरेला आहे. तुमचा मुलगा जळगावला ड्युटीवर, म्हणून आज सुनेनं सासूला कोंडलंय. सांगा गावभर.

झुंबरबाई: सांगसू. देवपूरमा बठ्ठासले सांगसू. उघाड.

प्रमिला: आत्याबाई, बाहेर मिट्ट काळोख आहे. पाण्याची टाकी हात लावू देत नाही, इतकी गार पडलीय. आणि तुमच्या अंगावर काय, तर लुगडं आणि विरलेली शाल.

झुंबरबाई: डॉक्टरनीच सांगं ना? रगतमा साखर शे, फिरो म्हने. मी फिरस.

प्रमिला: ऊन पडल्यावर फिरा म्हणाले. कान बांधून, पायात मोजे घालून. आधी घरातच हातपाय हलवायचे, अंग तापलं की मग निघायचं. छातीत धरलं तर थांबायचं. घामेजल्या अंगानं वाऱ्यात बसायचं नाही. मी शेजारी उभी होते, सगळं ऐकलंय.

झुंबरबाई: माकडटोपी बी घाल म्हने. या वयमा माले माकड करस का?

प्रमिला: करते. जिवंत माकड चालेल मला.

झुंबरबाई: तोंडनी लई तिखी शे तू.

प्रमिला: मागच्या हिवाळ्यात आबा याच वेळी दारातून गेले. परत आले ते चार माणसांच्या हातांवर. आता तुम्ही. दूधवाली बेबाबाई काल म्हणाली, तुम्ही फिरतच नाही. पांझरेच्या पुलावर कठड्याला टेकून बसलेल्या असता.

झुंबरबाई: बेबाले दुधमा पानी घालीसन बी येळ उरस वाटतं.

प्रमिला: बसता का नाही?

झुंबरबाई: बसस. मंग?

प्रमिला: आबा पडले तिथंच?

झुंबरबाई: तठेच.

प्रमिला: अहो, पण का?

झुंबरबाई: मना मालक उजाडेपावत तठे एकला पडेल व्हतात. जिता व्हतात का नही, कोनी देखं? मंग मी जास. उजाडनं का उठस. ऊनमा तठे कॉलेजना पोरं, सायकली, भाजीवाल्या. त्यास्ले सोबत व्हस. अंधारामा कोनी नही.

प्रमिला: आणि बसून करता काय?

झुंबरबाई: बोलतस आम्ही. आयकनं तुले? असं –

झुंबरबाई: हिव वाजस का?

आबा:

झुंबरबाई: नवा स्वेटर पेटीमाच ऱ्हायना ना तुमना. लगीनले घालसू म्हनेत. आते कोनं लगीन?

आबा:

(आबांच्या ओळी अशाच. तिथं वारा असतो.)

प्रमिला: पुरे, आत्याबाई.

झुंबरबाई: पुरे कसं? तूच सांगं व्हतं ना त्यास्ले? "आबा, सकाळी फिरायला जात जा."

प्रमिला: डॉक्टर म्हणाले तेच सांगितलं मी. सकाळी.

झुंबरबाई: सकाळी म्हंजे कव्हय?

प्रमिला: म्हणजे... सकाळी. दूध तापवून झालं, उन्हं अंगणात आली की.

झुंबरबाई: ती तुनी सकाय. भडगावले वावरमा जनम गया त्यास्ना. चांदनी निंघनी का बैल जुपेत. त्यास्नी सकाय तीच. आठे देवपूरले ऱ्हावाले उनात, तरी तीच.

प्रमिला: मला हे कुणी सांगितलं नाही.

झुंबरबाई: कोनी इचारं?

प्रमिला:

झुंबरबाई: रडू नको व. तुले बोल नही लावत मी. त्या दिन कडी वाजनी, तै मी बी आयकी. आयकी आन कूस बदली. गोधडी गरम व्हती.

प्रमिला: थांबा. चप्पल घालते.

झुंबरबाई: तू कोठे?

प्रमिला: पुलावर. दोघी बसू. ही घ्या किल्ली, उघडा तुम्हीच.

झुंबरबाई: तुले दमा शे ना!

प्रमिला: आहे.

झुंबरबाई: मंग? डॉक्टरनी तुले थंड हवामा...

प्रमिला: जाऊ नको म्हटलंय. तुम्हालाही म्हटलंय. तुम्ही ऐकत नाही, मीही नाही. उघडा.

झुंबरबाई: येडी शे का तू? घरमा बस.

प्रमिला: उघडा म्हणते ना.

झुंबरबाई: हे देख. उघाडं. देख कसा वारा शे. दिसस का काही? जाय आते मांगे.

प्रमिला: चला. पायरी... पायरी सांभाळा.

झुंबरबाई: आयक. छाती वाजाले लागनी तुनी.

प्रमिला: वाजू... द्या. चला. उजाडेल... नाहीतर.

झुंबरबाई: बोलू नको. पदर ले तोंडवर. नाकनी दम ले. हयू, घाई नको. आखो हयू.

प्रमिला: तुम्ही... जा. मी बसते... इथंच पायरीवर... तुम्ही येईपर्यंत.

झुंबरबाई: आठे? या वारामा?

प्रमिला: हं.

झुंबरबाई: ऊठ. मना हात धर. मधमा, घरमा चाल. चूल पेटाडस, पानी पी गरम. सूर्य वर येवू दे, मंग दोन्हीजनी फिरूत.

प्रमिला: आणि... आबा?

झुंबरबाई: दार लोट पहिले.

प्रमिला: लोटलं. आत्याबाई... आबा?

झुंबरबाई: ऱ्हातीन आज एकला.