लाल खूण

गॅरेजात माझी गाडी तयार व्हायची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्क जोडपं होतं. त्यांच्या जुन्या गाडीच्या बॉनेटखालून मेकॅनिकने डोकं वर काढलं.

“काका, अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतची ही दांडी, हे सांधे... एवढे स्वच्छ कुणाचेच बघितले नाहीत मी.”

“दर रविवारी तेल घालतो. एक सांधा कुरकुरतोय, तेवढा बघ.”

“बघतो. पण पेडल पार तळाला टेकलं तरी रेस अर्धीच मिळतेय. दांडीवरचा नट कुणीतरी फिरवलाय. तुमची लाल खूण इथे, नट तिथे.”

“धक्क्यांनी सरकला असेल,” काकू म्हणाल्या.

“नाही काकू, फिरवून परत घट्ट आवळलाय. माहितगाराचं काम आहे. दुसऱ्या गॅरेजात दिली होती का?”

“छे! माझ्याशिवाय बॉनेटला कुणी हात लावत नाही. तेल घालताना ही टॉर्च धरते, तेवढंच.”

“काकू... तुम्ही?”

“तीस वर्षं टॉर्च धरलीय. कुठला नट कशाला, एवढं कळणार नाही होय? काय सुसाट हाकायचे! भीतीने मी मागच्या सीटवर बसायला लागले होते.”

“मग काका, आणू का नट खुणेवर?”

“हात लावू नकोस. दुसऱ्याच रविवारी दिसला होता मला.”

“अहो! मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तू परत मागे जाऊन बसली असतीस.”