दत्त्याची सभाभक्ती

आमच्या लालबागच्या दत्त्याइतका सभांचा भक्त तुम्ही पाहिला नसेल. संयुक्त महाराष्ट्राची सभा कुठेही असो, हा अख्ख्या बिऱ्हाडाला घेऊन निघायचा. आई म्हणायची, "अरे, माझे पाय दुखतायत."

"महाराष्ट्रासाठी चल गं!"

लोक म्हणायचे, काय निष्ठा आहे पोराची!

खरं कारण मला ठाऊक होतं. दत्त्यानं डब्यात धामणीचं पिल्लू पाळलं होतं. खोलीत माणसांची वर्दळ असली की ते उंदराला तोंडच लावायचं नाही, पार सुतळी झालं होतं. खोली रिकामी झाली की मात्र गपकन गिळायचं.

राज्य मिळालं, चाळीत पेढे वाटले. दत्त्या एकटा तोंड पाडून बसलेला.

"काय रे, आनंद नाही झाला?"

"झाला रे. पण आता सभा संपल्या. माझ्या पिल्लानं जेवायचं कधी?"