तक्रार निकाली

(निवडून आलेल्या साहेबांचं कार्यालय. साहेबांचं पेज सांभाळणारी ताई संगणकापाशी. समोर, खुर्चीच्या कडेवर, एक वेल्डर.)

वेल्डर : भांडायला नाही आलो, ताई. एक फोटो तेवढा हवाय.

ताई : कसला फोटो, दादा?

वेल्डर : आमच्या घरामागच्या भिंतीचा. तडा गेला होता तिला. साहेबांच्या पेजवर मी सहा वेळा टाकला होता.

ताई : म्हणजे मागच्या गुरुवारी पडली ती भिंत? तुमचीच मुलगी...

वेल्डर : हो. फोटोत तीच आहे. तडा केवढा ते कळावं म्हणून मीच उभी केली. म्हटलं, हात वर कर, तडा संपतो तिथं बोट लाव.

ताई : तुमच्या फोनमध्ये असेल ना तो?

वेल्डर : फोन घरात चार्जिंगला होता. ढिगाऱ्यातून चपटा होऊन निघाला. शाळेच्या कागदावर एक आहे, पण तो चार वर्षांची होती तेव्हाचा. आता नववं चालू होतं. फोटो म्हटलं की पळायची. या एकाला थांबली, साहेबांना पाठवायचाय म्हटल्यावर. आईकडून वेणी घालून घेतली.

ताई : दादा, त्या तक्रारी आता पेजवर नाहीत.

वेल्डर : शेजाऱ्याच्या फोनवर बघितलं, म्हणून तर आलो. आपोआप जातात का त्या?

ताई : मी काढल्या. शुक्रवारी, तिला साहेबांची श्रद्धांजली टाकायच्या आधी. तसं सांगितलं होतं मला.

वेल्डर : मग साहेबांना विचारता का? त्यांच्याकडे असेल. सहाही वेळा स्वतः उत्तर दिलं त्यांनी. 'दखल घेतली आहे', आणि जोडलेले हात. पोरगी सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती, साहेबांनी मला पाहिलं म्हणून.

ताई : ते मी लिहायचे.

वेल्डर : सहाही वेळा?

ताई : सगळ्यांना तेच जातं.

वेल्डर : बरं. मग निघतो. तिची आई इतके दिवस गप्प होती. काल पहिल्यांदा बोलली. म्हणाली, फोटो मिळेल का.

ताई : थांबा. एक आहे. पण तुम्हाला बघवायचा नाही.

वेल्डर : बघायचं ते बघून झालंय, ताई.

ताई : शंभर दिवसांच्या कामांची पोस्ट केली होती आम्ही. चौकटी भरायला फोटो कमी पडत होते. पोरगी गोड दिसली, म्हणून हा घेतला. पोस्टही काढली आता, पण माझ्याकडे राहिलाय. हा बघा.

वेल्डर : तीच. हसतेय की. हसली होती हे विसरलोच होतो मी. वर हिरवं काय आहे?

ताई : शिक्का. 'तक्रार निकाली'.

वेल्डर : भिंत बघायला तर कुणी फिरकलंही नव्हतं.

ताई : माहीत आहे. हा तुमच्या हाती गेला की माझी नोकरी जाईल. जाऊ दे. न्या तुम्ही. वहिनींना दाखवायचा, तर वरचा भाग कापून देते.

वेल्डर : कापला तर काय जाईल?

ताई : शिक्का नेमका तिच्या हातावर आलाय. मनगटापासून पुढचा पंजा जाईल.

वेल्डर : मग असू दे तसाच. मला नीट फोटो जमेपर्यंत हात दुखला तरी तिनं खाली घेतला नव्हता.