खिडकीजवळची खाट

— न्हाई, त्यांना नका इचारू, मला इचारा. ते बोलनार न्हाईत. गाड्यामागं तिकडं तोंड करून बसलेत ना, तेच आमचे, समिनाचे अब्बा. जमील मिस्त्री म्हनलं तर स्टँडवर कुनीबी सांगन — इंजनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे, आता नुसते बसतात. तुमी बसा त्या खोक्यावर. मी सीताफळं निवडत बोलते, हात रिकामा असला की मला बोलता येत न्हाई. तुमी कुनाला पकडायला आल्या न्हाईत, दवाखान्यात चुका कावून होतात ते शोधायला आल्या, हे मोहिनी सिस्टरनं सांगितलं मला. तिनं आपनहून सगळं तुमच्याम्होरं सांगितलं म्हने. लई रडली का? मला रडू येत न्हाई. यायला पायजे, पन येत न्हाई.

तर झालं काय, यांच्या पायाची जखम साखरेमुळं भरंना, म्हनून ॲडमिट होते. खाट खिडकीजवळ. अन् संडासाच्या दाराशी नेकनूरचे राधाकिशन आप्पा — दम्याचं मानूस, वासानं जीव घाबरा व्हायचा त्यांचा. हे म्हनले, आप्पा, तुमी जावा माझ्या खाटंवर, मी पडतो इथं. झालं, चादर-उशी उचलली अन् अदलाबदल. यात इचारायचं काय, अन् कुनाला? येष्टीत म्हाताऱ्याला जागा देताना कंडक्टरला इचारतो का आपन? वॉर्डात सगळे तसंच करतात — कुनी पंख्याखाली सरकतंय, कुनी वळखीच्या मानसाशेजारी. अन् सिस्टरचं काम खाटंवर, नावावर न्हाई. खिडकीची खाट, जेवायच्या आधी साखर उतरवायचं इंजेक्शन. ती तरी काय करन, एकटी बाई, अन् पेशंट भुईवरसुद्दा पडलेले. आप्पा तोंडावरनं चादर घेऊन निजलेले. तिनं दंड धरला, टोचलं. आप्पा कशाला काय म्हनतील — दवाखान्यात आपन इचारतच न्हाई, हात पुढं करतो.

मी भाकर सोडली तवा हे म्हनले, सिस्टर, माझं इंजेक्शन राहिलं. ती म्हनली, दिलं की मघाच, खिडकीला. अन् मग दोघं बी खिडकीकडं बघत राहिले. डॉक्टर पळत आले, ग्लुकोज लावलं, पन आप्पा घामानं भिजून गार पडलेले, सकाळधरनं पोटात कायबी न्हाई. दिवेलागनीला गेले. लोक म्हनले, दम्याचं मानूस, गेलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. आमी बी घेतलं.

आता मनगटाला पट्टी बांधतात, नाव इचारल्याबिगर सुई लावत न्हाईत — तुमच्या अभ्यासामुळं म्हने. चांगलं केलं. पन एक सांगा, त्यात चूक कुनाची लिवनार? सिस्टरची? जागा देनाऱ्याची? — कुनाचीच न्हाई, कामाच्या पद्धतीची? बरं. तसं लिवा. मी यांना सांगन. ऐकतील का न्हाई, म्हाईत न्हाई. परवा पाटोद्याच्या गाडीत एक म्हातारी यांच्या सीटला धरून उभी होती, हे उठलेच न्हाईत. या मानसानं उभ्या जिंदगीत कुनाला उभं ठिवलं न्हाई. मी कोपरानं ढोसलं तर म्हनले, "रहेमतबी, मी कुनाला जागा दिली की मानूस मरतंय." मी खिडकीतून बाहीर बघत बसले.

अन् तो आप्पांचा लेक, शहादेव — त्याला काय म्हाईत न्हाई. बाजारच्या दिवशी येतो, यांच्याजवळ बसतो. दर बारीला एकच म्हनतो, मामू, तुमी खिडकी दिली म्हनून माझा बाप हवेत गेला, न्हाईतर त्या घानीत गेला असता. ज्वारी आनतो, यंदाच्या ईदला यांना धोतराचं पान — मिस्त्री धोतर कुठं नेसतोय, पन आनलं. हे घेतात. मान खाली घालून घेतात. तो गेला की जेवत न्हाईत. हे मी तुमाला कावून सांगायलेय, काय की. हे नका लिवू.

— काय म्हनलात? त्याच्याकडं बी जानार? घरच्यांना सांगायलाच पायजे? हक्क हाय त्याचा, व्हय. हाय ना, मी कुठं न्हाई म्हनते. पन मग तो इथं येनार न्हाई. अन् हे कुनाची वाट बघतील? — तसं तर त्यो आला की यांच्या घशाखाली घास जात न्हाई, अन् न्हाई आला की दिवसभर रस्त्याकडं बघतात. मला काय कळत न्हाई आता. तुमी शिकलेल्या, तुमी...

थांबा. आज बाजार हाय ना. त्यो बघा, पिशवी घेऊन येनारा. ती वही झाका. ही दोन सीताफळं धरा हातात, धरा म्हनते.

ये शहादेव. — ह्या? गिऱ्हाईक हायेत रं, निघाल्या. जावा बाई, गाडी चुकन तुमची. — न्हाई, मामूला नको उठवू, हितं माझ्या जागंवर बस. मी उठते.