बिनतळाच्या खाडीतली ओ

ऐका. भरतीला अजून तास-दीड तास आहे, तोवर जाळी काही पाण्यात पडत नाहीत. तेव्हा पुढे सरका. आणि मधेच उठून कुणी धक्क्याच्या टोकाला जाऊन कुणाला हाका मारू नका. का, ते शेवटी सांगतो.

गोष्ट आपल्या बुधाजी तांडेलाची. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याला पाहिलाय. हो हो, तोच, हाकेला ओ न देणारा. लोक म्हणायचे, बहिरा आहे. बहिरा कसला, मेल्यांनो! त्याच्याइतके तिखट कान या अख्ख्या खाडीत कुणाचे नव्हते.

बुधाजी तेव्हा नॉर्वेच्या एका मालवाहू जहाजावर खलाशी होता. तिथंही खाड्या आहेत, त्यांना फियोर्ड म्हणतात. पण त्यांच्यापुढे आपली खाडी म्हणजे अंगण हो! तिथं दोन्ही बाजूंनी काळा कातळ सरळ उभा, मान मोडेस्तोवर उंच. मधे पाण्याची चिंचोळी पट्टी, मैलोन् मैल डोंगरात घुसलेली. हजारो वर्षांपूर्वी तिथं बर्फाची नदी होती म्हणे. ती सरकत सरकत गेली आणि नारळ खवावा तसा तिनं डोंगर खवून काढला. बर्फ वितळला, समुद्र आत शिरला. म्हणून तळ नाही. नांगर टाकाल तर साखळी संपेल, तळ लागायचा नाही. जहाजं बांधायची ती कातळातल्या लोखंडी कड्यांना.

आणि तिथंही माणसं राहायची बरं का! कातळाच्या अर्ध्या उंचीवर, दोन खळी मावतील एवढ्या सपाटीवर. शेरडं पाळायची, गवत कापायची. पोरं खाली पडू नयेत म्हणून त्यांच्या कमरेला दोरी. वर चढायला शिडी. नकोसा माणूस दिसला की शिडी वर ओढायची, बस म्हणावं खाली बोंबलत!

तर जहाज लागलेलं पार आतल्या टोकाला, नदी मिळते त्या गावात. पाऊस लागलेला, नदी फुगलेली. आणि बुधाजीचा मेव्हणा आजारी पडला. विश्राम. बायकोचा पाठचा भाऊ. त्याला जहाजावर चिकटवला होता बुधाजीनंच. विश्रामचा घसा असा सुजला की पाण्याचा घोट उतरेना. आवाज दोन दिवसांपासून साफ गेलेला. श्वासाची नुसती शिट्टी वाजायची.

डॉक्टर आठ मैलांवर, खाडीच्या तोंडाशी. रस्त्यावर दरड आलेली, फोनची तार तुटलेली. मग बुधाजी आणि गावातला म्हातारा नावाडी उलाव, दोघं होडी घेऊन निघाले. डॉक्टर अडलेल्या बाळंतिणीपाशी. तो हलेना. त्यानं औषधाची बाटली आणि सुई दिली. म्हणाला, "उजाडायच्या आत टोचा. नंतर मला विचारू नका."

बुधाजीनं बाटली फडक्यात गुंडाळून छातीशी बांधली. बाहेर येऊन बघतो तर दिवस बुडालेला. आणि खाडीत धुकं! स्वतःचा हात दिसेना.

उलाव मटकन खाली बसला. "मी येत नाही. तूही जाऊ नकोस."

"का?"

"वाटेत उत्तरेच्या कड्यावर एक घर होतं. धुक्यात नवऱ्याची होडी आली की तो 'होऽऽ' करायचा, बायको वरून ओ द्यायची. त्यावरून त्याला कळायचं कातळ कुठं आहे. एका रात्री दोघांचं भांडण झालं. तिनं शिडी वर ओढली आणि ओ दिली नाही. तो रात्रभर हाका मारत होता. सकाळी होडीच्या फळ्या तेवढ्या मिळाल्या."

"आणि ती?"

"ती आता सगळ्यांना ओ देते. साठ वर्षं झाली शिडी कुजून पडली, घर पडलं. पण होड्या त्या कड्याखाली रिकाम्या सापडतात."

बुधाजी म्हणाला, "उलावदादा, माझी बायको विचारेल, भाऊ कुठं ठेवलात? तिला काय सांगू? धुकं होतं म्हणून?" आणि होडी लोटली.

ऐका आता. नीट ऐका.

तिकडे वल्ही मारताना माणूस पाठमोरा बसतो. जायचं तिकडे पाठ! पुढचं काही दिसत नाही. मग काय करायचं? होऽऽ करायचं आणि मोजायचं. दोन्ही कड्यांवरून दोनाच्या मोजणीला आवाज परत आला की होडी मधोमध. उलावनंच येताना शिकवलेलं.

होऽऽ! एक, दोन. इकडून आला. तिकडून आला. झकास.

मैल गेला, दोन गेले. होऽऽ! एक, दोन. दक्षिणेचा आला. उत्तरेचा? तीन... चार... आता आला. म्हणजे आपण दक्षिणेच्या कातळाजवळ आलो! बुधाजीनं होडी उत्तरेला घेतली. पुन्हा होऽऽ! उत्तरेचा आता पाचाला. आणखी उत्तरेला घेतली. सहाला. आणखी घेतली.

खाड्! वल्हं कातळावर आपटलं.

उत्तरेच्या कातळावर! अहो, सहाच्या मोजणीला लांब असलेला कडा हाताला लागला! म्हणजे उत्तरेचा आवाज कड्याचा नव्हताच, तिचा होता. त्यानं तोंड गच्च मिटलं. काही झालं तरी हाक मारायची नाही.

तर त्यानं हाक मारली नाही, तरी वरून ओ आली.

"होऽऽ."

आणि मग, आई शप्पथ सांगतो, आपल्या भाषेत! "भावोजी, इकडे या. गाव इकडेच आहे."

विश्रामचा आवाज. अगदी तोच. बुधाजीचा ऊर भरून आला. तोंड उघडलंच होतं त्यानं, 'आलो रे' म्हणणारच होता. आणि मनात चमकलं. विश्रामला आवाज कुठाय? दोन दिवसांपासून त्याच्या घशातून शब्द नाही!

तेवढ्यात खांद्याला काहीतरी लागलं. ओलं. लाकडी. चाचपलं तर शिडीची पायरी. वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. मग तिच्या खालची. कुणीतरी सावकाश उतरत होतं.

त्यानं कातळाला लाथ घातली आणि वल्ही ओढली. पण होडीचं पुढचं टोक, त्याच्या पाठीमागचं बरं का, ते हळूच खाली गेलं. कुणीतरी होडीत बसलं होतं.

मागे वळला नाही पठ्ठ्या. वळला असता तर आज ही गोष्ट नसती. त्यानं टोपीची लोकर उपटून कानांत कोंबली. कानांवरचा विश्वास संपला. डोळ्यांना धुकं. मग जायचं कुणीकडे? नांगर टाकून थांबावं, तर तळ नाही.

तेव्हा त्याला बाप आठवला. आपल्याच खाडीत पोरवयात शिकवायचा, "वाट चुकलास तर पाणी चाख. खारट लागलं तर दर्या. मचूळ लागलं तर नदी, म्हणजे गाव." नदी तर फुगलेलीच होती! बुधाजीनं ओंजळ भरली, जिभेवर धरली. खारट. होडी वळवली. वीस वल्ही. ओंजळ. तितकंच खारट. पुन्हा वळवली. वीस वल्ही. जरा मचूळ! तोच रोख धरला.

मानेवर गार श्वास. लोकरीतूनही ऐकू येतंय, "भावोजी, मला तहान लागलीय. भावोजी, ओ द्या ना."

बुधाजी रडत होता. रडत रडत वल्ही मारत होता, पाणी चाखत होता. मग पाठीमागून, म्हणजे जायच्या दिशेनं, ठण् ठण् जहाजाची घंटा. जीव भांड्यात पडणार, तोच दुसरी घंटा, उजव्या हाताला. दोन घंटा! त्यानं उजवीकडे चार वल्ही मारून पाणी चाखलं. खारट. पाठीमागच्या घंटेचं चाखलं. गोड! आपल्या विहिरीसारखं गोड!

त्या पाण्यात शिरला तशी होडी हलकी झाली. मागून फक्त बाईचा हुंदका आला आणि धुक्यात लांब लांब गेला.

झुंजूमुंजू व्हायला सुई टोचली. दोन दिवसांनी विश्रामला आवाज फुटला. उशाशी बुधाजी पाठमोरा बसलेला. विश्राम म्हणाला, "भावोजी."

बुधाजी दचकून उभा राहिला. ओ दिली नाही. वळला नाही. आधी पेल्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग वळून चेहरा पाहिला आणि मला मिठी मारून पोरासारखा रडला.

हो, मला. तो विश्राम म्हणजे हा तुमच्यासमोर बसलेला म्हातारा. पुढे चाळीस वर्षं मी त्याला हाका मारल्या. त्यानं एकदाही ओ दिली नाही. उठून समोर यायचा, तोंड बघायचा, मग म्हणायचा, "बोल रे."

परवा अमावास्येला इथं धुकं पडलं होतं. आठवतंय? मी या टोकाला उभा राहून पोरांच्या होडीला होऽऽ केलं. पोरांची ओ आली नाही. बुधाजीची आली. चाळीस वर्षांत न दिलेली ओ, आणि तो जाऊन तीन वर्षं झाली! ती कड्यावरची बाई इथवर आलीय.

तेव्हा बाबांनो, धुक्यात या टोकाच्या वाटेला जाऊ नका. आणि उद्या मी नसेन, खाडीतून माझा आवाज येईल, नाव घेऊन बोलावेल. गप्प राहा. आधी पाणी चाखा.