चित्रातल्या भिकारणीचा चेहरा

(लंडन. साप्ताहिकांसाठी चित्रं काढणाऱ्या पेल्यूची माळ्यावरची खोली. समोर मासळी विकणारी केझाया.)

पेल्यू : टोपी काढ, केझाया.

केझाया : नाही काढणार. सकाळीच गहाणातून सोडवलीय. एरवी शनिवारशिवाय हिचं दर्शन नसतं. चित्र काढणार म्हणालात, म्हणून बुधवारीच बाहेर काढली.

पेल्यू : अगं, मला भिकारीण काढायचीय. टोपीत फुलं खोचलेली भिकारीण कुठे पाहिलीस?

केझाया : आणि मी भीक मागताना तुम्ही कुठे पाहिलंत? मासळी विकते मी. ओरडून विकते, हात पसरून नाही.

पेल्यू : चित्रापुरतं गं. आणि तोंड कशाला धुतलंस?

केझाया : घ्या! तुमची शहाणी माणसं आमच्या गल्लीत येऊन 'तोंडं धुवा' म्हणून उपदेश पाजतात. एकदा धुतलं, तर हे रडतात!

पेल्यू : हे जळकं बूच घे, गालावर काजळी फास. संपादकांना काजळी आवडते.

केझाया : मग त्यांच्याच गालाला फासा.

पेल्यू : नाताळचा अंक आहे, बाई! एकीकडे बग्गीतली मडम, दुसरीकडे बर्फात अनवाणी तू. मडम नाणं देतेय. लोक बघतात, डोळे पुसतात आणि जेवायला बसतात.

केझाया : रडून घेतलं की जेवण पचतं वाटतं त्यांना.

पेल्यू : बूट काढ.

केझाया : बूटही नाही. ऐका साहेब. माझी थर्झा केन्सिंग्टनला एका घरी मोलकरीण लागलीय. तिची मालकीण मला चेहऱ्यानं ओळखते, आणि तुमचा अंक त्या घरात येतो. मी बर्फात भीक मागताना दिसले, तर संध्याकाळी पोरीची पेटी दाराबाहेर. भिकारणीच्या लेकीला चांदीचे चमचे पुसायला कोण देईल?

पेल्यू : चेहरा थोडा बदलतो ना.

केझाया : तुम्ही? तुम्ही आमच्या गल्लीतल्या टॉमबाबाला काढलात, तर त्याच्या कुत्र्यानं मालक समजून कागद चाटला!

पेल्यू : मग मी करू काय? चित्राचा लाकडी ठोकळा आज संध्याकाळी छपाईसाठी कोरणाऱ्यांकडे जायचाय. ते त्याचे तुकडे सुटे करून आपसांत वाटून घेतात, रातोरात कोरतात. थांबणार नाहीत.

केझाया : मडम म्हणून कोण बसणार?

पेल्यू : कोणी नाही. खरी मडम हा जिना चढेल? नाटकवाल्यांचा झगा आणलाय भाड्यानं. तोंड मनानं काढायचं.

केझाया : वा! त्यांचं तोंड मनानं, आणि आमची लाज मात्र समोर बसवून! आणा तो झगा.

पेल्यू : काय?

केझाया : मला मडम करा. टोपी आहेच.

पेल्यू : अंगाला हेरिंग मासळीचा वास येतोय तुझ्या!

केझाया : चित्राला येतो का?

पेल्यू : आणि थर्झाच्या मालकिणीनं मडमेत तुला ओळखलं तर?

केझाया : रेशमात? छे. फाटक्यात लगेच ओळखील, तिथंच शोधायची सवय आहे त्यांना. रेशमात बघून म्हणेल, कुठल्या घराण्यातली बरं ही!

पेल्यू : बरं, मग भिकारीण कोण?

केझाया : तो आरसा कशाला टांगलाय? गाल बसलेले आहेत. भाड्यासाठी घरमालकीण खाली तुमच्या नावानं बोटं मोडत होती, तेही ऐकलं. तुम्हाला काजळीसुद्धा लागायची नाही.

पेल्यू : मी? वेडी आहेस का? लोक ओळखतील मला!

केझाया : हां.

पेल्यू : दे ती भिकारणीची फाटकी शाल.

केझाया : डोक्यावरून घ्या. गुडघे टेका. डावा हात पुढे, उजव्यानं काढा. मान खाली... अहो, इतकी नको, जमीन हुंगताय काय?

पेल्यू : मजा बघतेयस माझी.

केझाया : मडम आहे मी आता. मजा बघायचीच असते आम्ही. हनुवटी बरोबर आहे ना?

पेल्यू : जरा वर. हां. शोभतेस गं खरी.

केझाया : रेशीम शोभतं. तुम्ही काढा, गप्पा नकोत.

पेल्यू : केझाया, पसरलेला हात दुखायला लागला.

केझाया : कशानं, साहेब? त्यात अजून काही पडलंच नाही.