नारळ पडायच्या आधी

सोना : मी पेटवणार नाय. मामा, सून म्हणून हुकूम करा नायतर हात जोडा.

काळूराम : हात जोडतो मग. तार कुठं लावायची ते तुलाच ठावं हाय.

सोना : ठावं असणारच. सरस सुकेपर्यंत पंख धरून मीच बसले होते. अमेरिकेच्या बंदरातनं दोन खोकी आणली त्यानं, दोन्हीतलं सामान मिसळून हे एक रॉकेट केलं. खोक्यावरच्या चित्रात पंख तीन, तुमच्या पोरानं चार लावले. म्हणाला, ते गोऱ्यांचं, हे आपलं.

काळूराम : धर्माचा हात चांगला होता.

सोना : आता सुचलं. गेल्या साली ह्याच बांधावर हे उडवायला सळई रोवून उभा होता तो. ऊन पडलं होतं. तुमी आलात आणि सळई उपटलीत.

काळूराम : नारळी पुनव आठ दिवसांवर होती. दर्याला नारळ पडायच्या आधी आपल्या घरातनं काय सुटत नाय. होडी नाय, जाळं नाय. बापानं पाळलं, मी पाळलं.

सोना : बाकीचे खाडीत जातात. तुमीच तेवढे. आणि ही पुठ्ठ्याची नळी, हिला दर्याचं काय?

काळूराम : वाटलं, आठ दिवसांचं तर हाय.

सोना : तिसऱ्या दिवशी पनवेलच्या पोस्टातनं तार आली, बोट सुटतेय, या. जाताना हसत होता. बाबांचा नारळ पडू दे, म्हणाला, पुढच्या रजेला उडवू. रॉकेटच्या दारूची कांडी माझ्या हातात दिली. एकच हाय, तांदळाच्या डब्यात ठेव, ओल लागू देऊ नको. वर्ष झालं. भात करायला डब्यात हात घालते, रोज बोटाला लागते.

काळूराम : म्हणून तर म्हणतो, उडवू.

सोना : मग उद्या बोटाला काय लागंल?

काळूराम : धर्माच्या बोटीच्या कंपनीचा कागद मी मास्तराकडनं तीनदा वाचून घेतला. ताप आला, मेला, पाण्यात सोडला. दोन ओळी. कुठल्या पाण्यात ते लिहिलंच नाय. अरे, आमी कोळी. पाणी सांगितलं असतं तर वारा कळला असता, तळ कळला असता. खलाशी म्हंजे त्यांना फुटकं पिंप. लोटलं की झालं.

सोना : हं.

काळूराम : तेराव्याच्या आधी दर्भाचा पुतळा जाळला मी. गवत जाळलं, पोरी. पोराचं एक काम ह्या हातांनी झालं नाय.

सोना : मग आठ दिवस थांबा. पुनवेला उडवू. तुमचा नेम पण राहील.

काळूराम : नाय. त्याला आधी पायजे होतं. आज.

सोना : सेल आणलेत?

काळूराम : टॉर्चमधले. चार.

सोना : द्या. उतरताना उघडते ती छत्री बघू. ही दोरी कुणी बांधली?

काळूराम : उंदरानं कुरतडली होती. जाळ्याची गाठ मारलीय, सुटणार नाय.

सोना : वारा?

काळूराम : जमिनीकडं हाय. बांधावरच येईल परत.

सोना : मागं सरा. अजून. वीस पावलं सांगितली होती त्यानं.

काळूराम : पेटवायच्या आधी काय तरी म्हणायचा ना?

सोना : पाचापासनं उलटं मोजायचा. रशियाचा माणूस वर जाऊन आला तवापासनं तेच खूळ. चुलीवर चहा ठेवला तरी मोजायचा.

काळूराम : मोज.

सोना : तुमी मोजा.

काळूराम : पाच. चार. तीन. दोन…

(सोना तार सेलला टेकवते. सूं करून रॉकेट वर सुटतं. धूर विरला तरी दोघं वरच बघत उभी.)

काळूराम : दिसतं तुला? माझी नजर पोचत नाय.

सोना : दिसतं. पार ढगापाशी.

काळूराम : सरळ गेलं?

सोना : सरळ. जरा डुललं नाय. छत्री उघडली, मामा.

काळूराम : गाठ?

सोना : धरली.

काळूराम : बरं. … बरं झालं.

सोना : वारा फिरला वाटतं. खाडीकडं चाललंय. … पडलं. पाण्यात पडलं.

काळूराम : बुडलं?

सोना : तरंगतंय. पण पुठ्ठा हाय, किती टिकंल? आणि ओहोटी लागलीय.

काळूराम : लांब हाय?

सोना : शंभर हात असंल.

काळूराम : होडी माडाच्या झापांखाली हाय. नारळ पडला नाय अजून.

सोना : ठावं हाय. मी काय बोलले का?

काळूराम : झापं काढ.

सोना : मामा…

काळूराम : दर्याला काय सांगायचं ते मी सांगीन. तू पुढनं धर. मी मागनं ढकलतो.